दाजींचं अंगुस्तान

दाजी शिंपी. हात असा, की खडूची रेघ न मारता कात्री चालवायचे आणि बाही सुतानंही इकडची तिकडे व्हायची नाही. पण पूलच्या टेबलापाशी वाकले की तोच हात परका. नेम एकीकडे, बॉल भलतीकडेच. तरी दाजी हरत नसत. मेहुणा वारला तेव्हापासून एकदाही नाही.

पूलच्या हौशी लीगमध्ये त्यांना ओढलं ते मेहुण्यानंच. तो वायरमन, तोंडाचा फटकळ. खिडकीकडच्या कोपऱ्याशी, टेबलाच्या काठावर तळवा टेकून उभा राहायचा. "तुम्ही फक्त मारा दाजी, बाकीचं मी बघतो." बघायचा काय, कपाळ. तेव्हा दाजी हटकून हरायचे आणि दोघं पोट धरून हसायचे.

आता दाजींचा चुकलेला बॉल टेबलभर भटकायचा, दमायचा, थांबला म्हणेपर्यंत पुन्हा उचल खायचा आणि टेबलाच्या खिडकीकडच्या खिशात जाऊन पडायचा. दरवेळी तिथंच. नियमात ते बसत होतं. रंगीत बॉल नेम लागून पडो की चुकून, पडला तो तुमचा. शेवटचा काळा तेवढा ठरवून घालायचा. ज्या खिशात घालणार त्याच्या काठावर आपली खूण ठेवायची. दुसरीकडे पडला तर डाव गेला. दाजी बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून ठेवत. आजवर खिडकीकडच्या खिशावरच ठेवत आले होते.

"आले लॉटरीशेठ," लोक म्हणायचे. दाजीही हसायचे. घरी मात्र घास हातात धरून बसायचे.

फायनलच्या दुपारी खेळायची काठी पुसता पुसता ते बायकोला म्हणाले, "आज काळा दाराकडच्या खिशात घालणार."

काठी तिच्या भावाचीच होती. "दादा खिडकीशी उभा राहायचा," ती म्हणाली.

"म्हणूनच. एक तरी डाव माझ्या हातचा होऊ दे. जिंकलो तर माझा, हरलो तर माझा."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "त्याला विचारलंत?"

फायनलला समोर बेकरीवाली होती, लीगमधली सगळ्यात पक्की खेळाडू. दाजींचे रंगीत बॉल नेहमीसारखे वाट चुकून खिडकीकडे जायला लागले, तशी ती म्हणाली, "जन्मभर लोकांचे खिसे शिवलेत ना दाजी, ते आता फेडतायत."

काळा उरला. दाजींनी अंगुस्तान दाराकडच्या खिशावर ठेवलं, बोटानं दाबून ठेवलं. वाकले. आणि कधी नव्हे तो हात त्यांचा स्वतःचा झाला. काळा कात्रीनं कापल्यासारखा सरळ निघाला. दाराकडच्या खिशाच्या ओठावर गेला आणि थांबला.

मग हळूच मागं फिरला. पांढऱ्या बॉलला वळसा घालून, घाई न करता, सगळं टेबल ओलांडून खिडकीकडच्या खिशात उतरला.

दाजींनी श्वास सोडला. "हरलो बाई," म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हरलात कसले?" बेकरीवालीनं बोट दाखवलं. अंगुस्तान खिडकीकडच्या काठावर होतं.

"मी ते दाराकडं ठेवलं होतं."

"माझ्या डोळ्यांदेखत इथं ठेवलंत की."

पंचानंही मान डोलावली. "आणि मारलात काय, सरळ रेघेत. कुठं अडला नाही, वळला नाही. आज लॉटरी नव्हे दाजी, आज नेम."

लोक टाळ्या वाजवत होते. बेकरीवालीनं हात मिळवला, तो मनापासून. दाजी खिडकीकडच्या कोपऱ्याशी गेले. अंगुस्तान बोटात घातलं तर ते आतून ऊबदार होतं, जसं कुणी आत्ताच काढून ठेवलेलं.

"अरे, हरू तरी दे," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

काठावरच्या हिरव्या कापडात एक तळवा खोल उमटलेला होता. दाजी बघत राहिले. तो हळूहळू वर आला, आणि कापड सपाट झालं.