सिरिंजला चिकटलेली साय

आमच्या वॉर्डात तिला सगळे बाटलीमावशी म्हणत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागातल्या बाटल्या, वाट्या आणि सिरिंजा धुणं, उकळणं, वाळवणं हे तिचं काम. खोली जेमतेम एका खाटेएवढी. दोन सिंक, एक मोठं पातेलं, जाळीचं कपाट, आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी. ही पाटी मावशीने नोकरीभर मनावर घेतली नाही. मी त्याच विभागात नर्स होते. आता जे सांगणार आहे त्यात मीही गुन्हेगार आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

मावशी बुटकी, आवाज खणखणीत, तोंडाने फटकळ. डॉक्टरांना ती ‘अहो’ म्हणे, पण ऐकणाऱ्याला ‘अरे’ ऐकू येई. एखाद्या नव्या नर्सने सिरिंज न विसळता ट्रेमध्ये टाकली की विचारायची, “घरी आई मागून भांडी उचलत फिरते वाटतं?” आम्ही तिला टरकून होतो. तिच्या हाताखालून गेलेल्या बाटलीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा.

त्या वर्षी शिवणकारखान्यातली एक पोर आमच्याकडे बाळंत झाली. वय बावीस, आणि अंगावर मांस म्हणून नाही. सातव्या महिन्यातच मुलगी झाली, अकराशे ग्रॅमची. एवढ्या लहान बाळाला ओढून पिता येत नाही. आई दर तीन तासांनी पडद्याआड बसून पंपाने दूध काढायची, आम्ही ते सिरिंजमध्ये भरून यंत्राला लावायचो आणि यंत्र ते तासाभरात बारीक नळीतून बाळाच्या पोटात सोडायचं. दूध भरपूर यायचं, पण बाळाचं वजन काही वाढेना. रोज पंधरा-वीस ग्रॅम वाढायला हवं, तिथे चार-पाचावर गाडी अडलेली.

शनिवारच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी दुधाची बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“निळसर आहे. पाणीच आहे नुसतं,” ते म्हणाले. केसपेपरवर लिहिलंसुद्धा: ‘आईचे दूध पातळ.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोमवारपासून पावडरचं सुरू करा. आईचं बंद.”

आई तिथेच उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. दारातून तिची सासू म्हणाली, “मी म्हणतच होते. हिच्यात जोरच नाही, तर दुधात कुठून येणार?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी म्हणाले, “हो सर.” आईच्या दुधाची पारख रंगावरून होत नाही, हे मला ठाऊक होतं. सुरुवातीचं दूध पातळ आणि निळसर दिसतं, शेवटचं दाट आणि सायीचं येतं, हेही ठाऊक होतं. छाती जेवढी रिकामी होते तेवढंच नवं दूध बनतं, काढणं थांबवलं की ते आटतं. आणि अशा कोवळ्या आतड्यांना जंतूंपासून वाचवणारं जे आईच्या दुधात असतं, ते पावडरच्या डब्यात नसतं. या सगळ्यावर मी परीक्षेत पाच पानं लिहून पास झाले होते. सरांसमोर मात्र त्यातलं एक वाक्यही बाहेर पडलं नाही.

दुपारी ती पोर पंपाचे भाग द्यायला मावशीच्या खोलीत गेली आणि तिथे तिचा बांध फुटला. थोड्या वेळाने मावशीची हाक आली, “सिस्टर, जरा इकडे या!”

मी गेले. मावशीचे हात कोपरापर्यंत फेसात होते.

“एक सांगा,” ती म्हणाली, “पाणी धुवायला साबण किती लागतो?”

“म्हणजे?”

“हिचं दूध पाणी आहे ना? मग हिच्या सिरिंजा धुताना माझे हात तुपकट का होतात? दोनदा साबण लावते तरी आत चिकट राहतं. नुसतं पाणी असतं तर एका धारेत निघालं नसतं का?”

तिने एक न धुतलेली सिरिंज माझ्या हातात दिली. आत, वरच्या बाजूला आणि दट्ट्याजवळ, पिवळट साय जमली होती. मी ती उजेडात धरली आणि सगळं ध्यानात आलं. आम्ही यंत्रात सिरिंज आडवी ठेवत होतो. तासभर दूध पडून राहिलं की साय वर येते, तसंच इथे होत होतं. खालचं पातळ दूध नळीतून बाळाकडे जात होतं आणि साय मागे सिरिंजला चिकटून राहत होती. नळीही लांबलचक, काही साय तिच्या भिंतीला लागायची. म्हणजे वजन वाढवणारा ऐवज बाळाच्या पोटाऐवजी मावशीच्या सिंकमध्ये जात होता!

यंत्रं येऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही सिरिंज हातात धरून दूध द्यायचो. यंत्र आलं, आमचे हात मोकळे झाले, आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. या चार वर्षांत किती बायकांना ‘तुझं दूध पातळ’ म्हणून घरी पाठवलं असेल? मला आजही तो विचार आला की स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटतं.

“आता सरांना सांगा,” मावशी म्हणाली.

मी चाचरले. “ते ऐकून घेतील का?”

“नका सांगू. मी बघते.”

सोमवारी राउंडच्या वेळी मावशी ओल्या एप्रनमध्ये थेट आत आली. हातात ट्रे, त्यात रात्रीपासूनच्या तीन सिरिंजा, न धुतलेल्या. डॉक्टर काही म्हणायच्या आत तिने एका सिरिंजमधली साय बोटावर घेतली आणि त्या पोरीच्या केसपेपरवर, ‘आईचे दूध पातळ’ या ओळीशेजारी, पुसली.

“मावशी! केसपेपर आहे हा!”

“असू दे. पाणी असेल तर वाळून जाईल. तुमची बाकीची बाळं बघून होईपर्यंत मी थांबते इथेच.”

आणि ती खरंच थांबली, ट्रे छातीशी धरून. राउंड संपला. कागदावरचा डाग वाळला नव्हता. तेलकट होऊन पसरला होता, आणि त्यातून खालच्या पानावरची अक्षरं दिसत होती. डॉक्टरांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, शनिवारी बाटली धरली होती तसाच.  मग म्हणाले, “पावडर तीन दिवस थांबवा.”

तोवर विचारल्याशिवाय यंत्राला हात लावायची माझी हिंमत नव्हती; आता मी यंत्राखाली दुमडलेला टॉवेल घालून सिरिंजचं तोंड वर केलं, म्हणजे साय तोंडाशी जमेल आणि आधी तीच जाईल. नळीही आखूड लावली. मंगळवारी वजन अकरा ग्रॅमने वाढलं, बुधवारी अठराने, गुरुवारी एकवीस. दूध त्याच बाईचं होतं.

गुरुवारी डॉक्टरांनी लिहिलं, ‘वजनवाढ समाधानकारक.’ मावशी मागेच उभी.

“आणि वरची ओळ?”

“अहो, केसपेपरवर खाडाखोड चालत नाही.”

या वेळी मात्र माझं तोंड उघडलं. “चालते सर. एकच आडवी रेघ, वाचता येईल अशी. बाजूला सही आणि तारीख.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि रेघ मारली. मग त्या पोरीला म्हणाले, “आता जरा नीट खात जा.”

झालं! मावशीचा पारा चढला. “काय खाणार ती? डबा येतो तो आधी हिचा नवरा जेवतो, मग सासू, मग उरलेला भात हिला. रोज बघते मी! बाळाला रोज वजनकाट्यावर ठेवता. हिला कधी उभं केलंत?”

कोणीच केलं नव्हतं. मी लगेच केलं. बाळंतपणाला चव्वेचाळीस किलो असलेली बाई आता एकोणचाळीसवर आली होती. उपाशी बाईच्या दुधातली साखर आणि प्रथिनं सहसा फारशी घटत नाहीत. शरीर आपली चरबी जाळतं, हाडांतून चुना काढतं आणि दूध भरत राहतं. दुधातली जीवनसत्त्वं कमी पडतात, आणि बाई आतून पोखरली जाते. हे मी त्या दिवशी सासूला समजेल अशा भाषेत सांगितलं.

“आम्हीही असंच काढलं,” सासू म्हणाली.

“तेव्हा बरं वाटलं होतं का?” मावशीने विचारलं.

 दुसऱ्या दिवसापासून दोन डबे येऊ लागले, एकात अंडी आणि डाळ. तो मावशीसमोर उघडून सुनेला आधी खायला लागायचा, त्याला सूट नव्हती. बाळ दोन किलोचं होऊन घरी गेलं.

मावशी पुढच्या वर्षी निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी निरोप समारंभाला नाही म्हणाली, मला मात्र धुण्याच्या खोलीत बोलावलं. एप्रनच्या खिशातून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक जुनं कार्ड काढलं. तिच्या मुलीचं, तीस वर्षांपूर्वीचं. ती मुलगी आज बस चालवते आणि दोन माणसांचं जेवते. कार्डावर कुणा डॉक्टरची ओळ होती: ‘आईचे दूध पातळ व निकस. बंद करावे.’

“पोरीचं काही बिघडलं नाही,” मावशी म्हणाली. “पण तीस वर्षं मी समजत होते की मीच कमी पडले. नवऱ्याने ऐकवलं, सासूने ऐकवलं, मी खाली मान घालून ऐकलं. एकानेही तपासलं नव्हतं, सिस्टर. नुसतं बघितलं होतं.”

 तिने ओले हात पुसले आणि माझ्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

“एकच आडवी रेघ,” ती म्हणाली. “आणि बाजूला सही, तारीख.”