एडमंटनच्या थंडीत ताईचं वाचन

एडमंटनला विमान उतरलं तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेही कळेना. नागपूर सोडल्यापासून इतक्या विमानतळांवर बसलो होतो की पाय सुजून बुटांत मावत नव्हते. त्यात अंगावर एक काम होतं, ते मला पहिल्यापासूनच आवडलेलं नव्हतं.

माझी थोरली बहीण सुधाताई इथे एकटी राहते. पाणीपुरवठ्यात इंजिनियर होती, आता निवृत्त. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. अलीकडे तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे बिघडले आणि छापलेलं अक्षर तिला दिसेनासं झालं. तिची मुलगी रश्मी किचनरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. देश तोच, पण जायचं तर विमानच लागतं. तिनं फोनवर सांगितलं होतं, "मामा, आई दिवसभर नुसती बसून असते. मी टॅब्लेटवर लायब्ररीचं अ‍ॅप टाकून दिलं, पुस्तकं ऐकता येतात, तर ती हात लावत नाही. तुम्ही जाऊन बघा. एकटीला जमत नसेल तर सांगा. मी कॉन्डो (तिचा फ्लॅट) विकते आणि तिला इकडे आणते."

म्हणजे मी पाहुणा म्हणून निघालो नव्हतो, परीक्षक म्हणून निघालो होतो.

ताईनं दार उघडलं, माझ्या बर्फाळ कोटाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काहून रे (का रे), रश्मीनं पाठवलं ना तुला?" मी बूट काढायला खाली वाकलो. तिनं सांबारवडी केली होती. (आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो, तिचं सारण भरून तळलेली ही वडी.) एका बाजूनं करपली होती. मी तीच बाजू आधी खाल्ली.

बैठकीची एक भिंत पुस्तकांनी भरलेली होती. ताई खुर्चीत त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

"ऐकून बघ तरी," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"ते काय वाचन आहे? रेडिओ लावून भांडी घासण्यासारखं झालं ते."

तरी मी टॅब्लेट उघडला. तिच्या लायब्ररीच्या कार्डाची मुदत संपली होती आणि ते चालू करायला शाखेत जावं लागणार होतं. बाहेरची थंडी नाकातले केस गोठवणारी. फुटपाथ लोकांनी शोव्हल केलेला (बर्फ फावड्यानं सारलेला) होता, पण खाली काचेसारखा थर उरला होता. ताईनं माझा दंड धरला होता; कोण कोणाला सांभाळत होतं, सांगणं कठीण. एलआरटीत (शहरातली विजेची रेल्वे) बसलो आणि उबेनं माझे डोळे मिटायला लागले. थोड्या वेळानं तिनं कोपर मारलं. "ऊठ. उलट्या दिशेच्या गाडीत बसवलंस मला." स्टेशनांची नावं पुकारली जात होती, ती ताई ऐकत होती. मी पाट्या वाचूनही चुकलो होतो.

लायब्ररीतली मुलगी हसतमुख होती. कार्ड लगेच चालू झालं. तिनं टॅब्लेटचा बोलणारा पडदा सुरू करून दिला: बोट फिरवलं की खालचं नाव बोलतं, दोनदा टॅप केलं की उघडतं. ताईनं हवी ती कादंबरी सांगितली, तर त्या पुस्तकासाठी मोठी रांग निघाली.

"कागद नाही, शाई नाही, मग रांग कसली?" ताईनं इंग्रजीत विचारलं.

"लायब्ररीनं जितक्या प्रती घेतल्यात, तितक्याच जणांना एका वेळी मिळतात," ती म्हणाली. "आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं."

मग ताईनं त्या क्षणी मोकळं असलेलं एक पुस्तक घेतलं: या गवताळ प्रदेशातल्या एका सुईणीची लांबलचक कादंबरी. आधी तिनं ई-बुक उघडलं, हट्टानं. अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर जेमतेम दोन शब्द मावत. तशी ती दुपारभर बसली. मी चहा केला तो गार झाला. शेवटी तिनं टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला आणि चेहरा हातांत लपवला. लहानपणी पडून गुडघे फोडले तरी न रडलेली माझी बहीण. तिच्या पाठीवर हात ठेवायलासुद्धा मला धीर झाला नाही.

 सकाळी उठलो तर स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज येत होता. ताई कणीक मळत होती आणि ओट्यावर टॅब्लेट तीच कादंबरी वाचून दाखवत होता. मी तोंड उघडलं तर तिनं पिठाचा हात वर केला. "थांब. बाळ आडवं आलंय."

त्यानंतर ती रोज ऐकत गेली. मला मात्र त्या घरात दिवस जड जात होते. हीटरनं घसा कोरडा पडायचा आणि अंधार लवकर पडायचा. रश्मीचा फोन आला की मी "अजून बघतोय" एवढंच म्हणायचो.

मग ताईनं जॅस्परच्या डोंगरांकडे जायचं काढलं. बसनं निघालो. तिकडे वणवा लागून गेला होता. काळ्याठिक्कर खोडांची रांगच्या रांग बर्फात उभी. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं ताईला विचारलं, काय ऐकताय? तिनं कानातला इअरफोन काढून त्याला अर्धी गोष्ट सांगितली. "मीही नंबर लावतो," तो म्हणाला.

शेवटची थोडीच प्रकरणं उरली होती आणि आवाज थांबला. मुदत संपली होती. पुस्तक परत गेलं.

"आता रांग," मी वैतागून म्हटलं. "हे कसलं वाचनालय! शेवट राहिला तुझा."

"कोणीतरी वाट बघत असेल रे," ताई म्हणाली. तिनं पुन्हा नंबर लावला, मग बोट पडद्यावर फिरवत राहिली. टॅब्लेट नावं पुटपुटत होता. मी मदतीला हात पुढे केला, तिनं तो बाजूला सारला. वेळ लागला. दोनदा भलतंच उघडलं. पण डोंगर जवळ आले तोवर नवं पुस्तक तिच्या कानात सुरू झालं होतं.

जॅस्परला उतरल्यावर ती डोंगराकडे न बघता भलतीकडेच तोंड करून उभी राहिली. मी तिला खांद्यांना धरून वळवायला गेलो.

"राहू दे. सरळ बघितलं की डोंगर पुसला जातो," ती म्हणाली. "असं बाजूला बघितलं की कडेनं दिसतो. केवढा आहे रे!" आणि मग, तशीच बाजूला बघत, "रश्मीला काय सांगणार आहेस?"

तिला सगळं माहीत होतं. वारा इतका बोचरा होता की डोळ्यांतलं पाणी मला लपवावं लागलं नाही. मी तिथूनच फोन लावला. "रश्मी, घर विकू नकोस. तू येत जा." तिनं आधी आई कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाली, "ओके, मामा. पण मला रोज काळजी वाटणार."

"ती वाटू दे," मी म्हटलं.

परतीच्या प्रवासात झोप अशी आलीच नाही. ताईला तिथे ठेवून आलो, हे बरोबर केलं की चूक, याचा हिशेब अर्ध्या पृथ्वीवर चालू होता आणि तो सुटला नाही. पुढच्या थंडीत ती घसरली तर? मी बसमध्ये जे पाहिलं ते पुरेसं होतं का? नागपूरला उतरलो तेव्हा दुपारचं ऊन अंगावर आलं आणि त्यानंही बरं वाटलं नाही, इतका शिणलो होतो.

बायको न्यायला आली होती. बॅग हातातून घेत तिनं पहिलं तेच विचारलं, "सुधाताई कशा आहेत?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

"वाचते आहे," मी म्हटलं.