आत्याबाईंचं मागचं डावं चाक

या सदरातले अनुभव मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा हसते. पांढरी साडी, वडाचं झाड, घाटात गाडी आपोआप बंद... अहो, गाडी आपोआप बंद पडत नसते. डिझेलमध्ये कचरा असतो, नाहीतर फिल्टर चोकअप झालेला असतो. भिंगारमध्ये माझं ऑटो पार्ट्सचं दुकान आहे. बंद पडलेल्या गाड्यांची भुतं मी रोज काउंटरवरूनच उतरवते. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे हे माझ्या नवऱ्याला कळलं, तर तो आठवडाभर चेष्टा करेल. करू दे. त्या दिवशी तो घरात नव्हता, मी होते.

आधी अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पाथर्डी भागातले, फौजेत ड्रायव्हर होते, आणि रिटायर झाल्यावर भिंगारलाच राहिले. रिटायर झाल्यावर हातात पैसा आला की माणसं घर बांधतात, पोरीच्या लग्नाला ठेवतात. अण्णांनी लिलावातून मिलिटरीचा शक्तिमान ट्रक घेतला! लांब नाकाचा, हिरवा, चारही चाकांना ताकद असलेला. आईने बरेच दिवस अबोला धरला होता. कुणी विचारायचं, "फौजेत तुम्ही हीच चालवत होता का?" तर अण्णा म्हणायचे, "ही न्हाई. पर माज्या गाडीची भैन हाय."

तेवढं आईला पुरलं. "आल्या का तुमच्या भगिनी? आधी त्यास्नी पाणी पाजा, आमचं काय, आमी थांबतो." यांची बहीण म्हणजे आमची आत्या. तेव्हापासून मी आणि माझा धाकटा भाऊ संजू त्या ट्रकला आत्याबाईच म्हणायला लागलो. पुढेपुढे गल्लीही म्हणायला लागली.

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण तेव्हा डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेने लिलावात काढलेल्या, गाडीला काय मान होता! लिलाव निघाला की कुठून कुठून माणसं यायची — विहिरी खणणारे, क्रेनवाले, ऊसवाले. बॉनेटवर बुक्की मारून आवाज ऐकायचे. पत्रा जाड, इंजिनाची निगा कडक, आणि फौजेतली गाडी पळते कमी, धुतली जाते जास्त, असं सगळे म्हणायचे. गाडीच कशाला, भिंगारच्या घराघरात मिलिटरीचं काही ना काही असायचंच. आमच्याकडे डाळ दारूगोळ्याच्या लोखंडी पेटीत असायची, रॉकेल जेरीकॅनमध्ये, आणि पावसाळ्यात छपरावर फौजेची ताडपत्री. मुंगी शिरायची नाही त्या पेटीत. ती अजून माझ्या दुकानात आहे, नटबोल्ट ठेवते मी तिच्यात.

आत्याबाईंनी आम्हाला वाढवलं हे मी अगदी शब्दशः म्हणते. दुष्काळात टँकर झाल्या, हंगामात ऊस ओढला, जत्रेत जनरेटर वाहिले. काळ्या रानात रुतलेले ट्रॅक्टर ओढून काढायला लोक रात्री-अपरात्री अण्णांना उठवायचे. माझ्या शाळेची फी, संजूचं इंजिनिअरिंग, सगळं त्या चाकांवरून आलं.

आता अण्णांची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गाडी कुठेही थांबली, अगदी चहाला थांबली तरी, अण्णा आधी गाडीला पूर्ण चक्कर मारायचे आणि चारही चाकांना, प्रत्येकाच्या मधोमध, हबला, हात लावून बघायचे. ही फौजेची शिस्त. बेअरिंग नाहीतर ब्रेक धरत असेल, म्हणजे अडकून घासत असेल, तर हब तापतो, हाताला लगेच कळतं. पण हात लावायचा तो उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. तळहात पोळला तर स्टिअरिंग कशाने धरणार? "फुडचं उजवं ठीक, फुडचं डावं ठीक..." असं पुटपुटत ते फिरायचे. आम्ही गाडीत बसून कंटाळायचो. गार लागलं की म्हणायचे, "चला."

आम्हाला ताप आला की कपाळालाही तसाच हात. उलटा. आईचा हात मऊ होता, तरी मला अण्णांचा तो खरबरीत हातच लागायचा. तो कपाळावरून उचलून त्यांनी "ठीक हाय" म्हटलं की अर्धा ताप तिथेच उतरायचा.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. उजवा हात गोधडीवर ठेवू तसा पडून राहायचा, टाचणी टोचली तरी कळायचं नाही. बोलणंही गेलं. "व्हय" आणि "न्हाई" एवढे दोनच शब्द उरले, तेही चोथा चावल्यासारखे. खिडकीतून कडुनिंबाखाली उभ्या आत्याबाई दिसायच्या, म्हणून खाट तिकडेच सरकवली होती.

उभी गाडी कुजते, हे मी दुकानात दहा जणांना ऐकवते. पासिंगही संपत आलं होतं. संजू पुण्याहून फोन करायचा, "ताई, काढून टाक. भंगारात वजनावर जाईल." बरोबरच होतं त्याचं. एका सकाळी भंगारवाला आला आणि हातोडीने मडगार्ड ठोकून बघायला लागला. टण्... टण्... आत अण्णांनी डावा हात खिडकीच्या गजावर आपटायला सुरुवात केली. "न्हाई! न्हाई!" तोंड वेडंवाकडं, डोळ्यांतून धार. मी अण्णांना फौजेच्या माणसाच्या मयतीतही रडताना पाहिलेलं नव्हतं. भंगारवाल्याला मी चहाही न विचारता घालवला. त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी शब्द दिला, "अण्णा, आत्याबाईंना तोडायला देणार नाही. चालवणाऱ्याच्याच हातात देईन."

द्यायचं कुणाला, हा मोठा प्रश्न होता. या गाडीचं असं आहे की लागते त्याला सोनं, नाही लागत त्याला लोखंड. मग शेवगावहून इरफान आला. कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तिशीतला, जुन्या मिलिटरी गाड्यांचं वेड. त्याला ती वरातीला हवी होती. हल्ली नवरदेवांना घोडा नको, शक्तिमान हवा! मी म्हटलं, "भाडं मिळतं का रे त्याला?" तो म्हणाला, "दीदी, मिळालं तर बरंच. नाही मिळालं तर मी एकटा फिरेन हिच्यात." तो आत्याबाईंच्या खाली सरपटत गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. तेव्हाच माझं ठरलं. मी त्याला अण्णांपुढे उभं केलं. अण्णांनी त्याच्या नखांतलं ग्रीस बघितलं आणि म्हणाले, "व्हय."

जानेवारीतला रविवार होता. आभाळ भरलेलं, गारठा चांगलाच. इरफानने आदल्या दिवशी येऊन ऑइल, बॅटरी, ब्रेक सगळं करून घेतलं होतं. निघताना आईने काय करावं? जन्मभर जिला टोमणे मारले तिची तिने ओटी भरली. बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ ठेवले, हळदकुंकू लावलं. "जा बाई. पोचलीस की कळव," म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. खिडकीत अण्णा डावा हात कपाळाशी नेऊन सॅल्यूट करत होते. मी रडले, हे मान्य करते. कडुनिंबाखाली तेलाचा काळा डाग तेवढा राहिला.

मग आम्ही दोघी अण्णांच्या खाटेजवळ हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. अण्णांचे डोळे मिटलेले होते. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून वाकले.

"फुडचं उजवं... ठीक."

मी आईकडे बघितलं. तिच्या हातातला घाटा तसाच राहिला होता. दोन वर्षांत न ऐकलेला तो आवाज... स्वच्छ, पहिल्यासारखा.

"फुडचं डावं... ठीक. मागचं उजवं... ठीक."

आणि मग ते ओरडलेच. "आई गंऽऽ! पोळलं! मागचं डावं पोळलं! शोभे, पोरी, थांबिव त्याला!"

मी फोन लावला. उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा इरफानचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. "बोला दीदी! घाटाच्या वर थांबलो होतो चहाला, करंजी घाटाच्या. आत्ताच गाडी चालू केली, उतरतो आता."

"घाट उतरू नको! आधी गाडीतून खाली उतर. मागचं डावं चाक बघ."

"का ओ? गाडी तर मस्त—"

"बघ म्हणते ना मी!"

फोन त्याच्या हातातच होता. दरवाजा वाजला, पावलं वाजली, आणि मग एकदम, "या अल्ला! दीदी, हात पोळला! धूर निघतोय हो आतून..."

ब्रेक धरला होता. दोन वर्षं उभी गाडी, आदल्या दिवशी ब्रेक जरा जास्तच आवळला गेला असणार. तिसगावहून मेकॅनिक आला, ड्रम खोलला तर लायनर जळून कोळसा, ग्रीस वितळून वाहिलेलं. घाटाच्या उतारावर नेमका ब्रेकच लागतो. पुढे काय झालं असतं हे मला कुणी समजवायची गरज नाही, माझा धंदाच तो आहे. इरफानची मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

पण मी हे लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. फोन ठेवून वळले तर आई अण्णांचा हात धरून बसली होती. उजवा. जो दोन वर्षांत इंचभर हलला नव्हता तो. बोटांच्या मागच्या बाजूला, सांध्यांवर, लालभडक चट्टा होता, आणि बघता बघता त्यावर फोड उठला.

"अगं, हे कशानं झालं?" आई मला विचारत होती.

मी मेकॅनिकसारखी सगळी खाट तपासली. चहाचा पेला रिकामा, गार. शेकायची पिशवी कपाटात. शेगडी नाही, ऊन नाही, जवळ विजेचं बटणसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "गरम काहीतरी लागलं असेल, त्यांना समजत नाही ना." गाडी काही नवी नाही, कोणत्या चाकाचा ब्रेक धरतो हे अण्णांना तीस वर्षांच्या सवयीने माहीत असेल, असं संजू म्हणाला. असेलही. गाडी किती वेळात चहाच्या टपरीवर पोचते याचाही अंदाज असेल. अंदाजाने माणूस बोलेल हो, पण अंदाजाने फोड येतो का? इरफानचा तळहात पोळला होता, कारण त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. अण्णांचा हात पोळला तो बरोबर उलट्या बाजूने.

त्या दिवसानंतर ते बोलणं थांबलं. पुन्हा "व्हय" आणि "न्हाई". इरफानने पुढे वरातीचा व्हिडिओ पाठवला. आत्याबाई झेंडूत बुडालेल्या, बॉनेटवर नवरदेव बसलेला, पुढे पोरं नाचतायत. अण्णा तो व्हिडिओ परत परत लावायला डाव्या हाताने खुणावायचे आणि हसायचे. हातावरचा फोड वाळला, डाग राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी संजू आला होता. दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी डोळ्यांनीच आम्हाला जवळ बोलावलं. डावा हात उचलला आणि आईच्या कपाळाला लावला, उलटा. मग संजूच्या. मग माझ्या. मग सावकाश स्वतःच्या कपाळाला लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"ठीक हाय. चला," म्हणाले, पुन्हा त्याच स्वच्छ आवाजात.

"आता कुठं निघालात?" आई हसत म्हणाली. आम्हीही हसलो. ते भिंतीकडे वळून झोपले.

मी चहाला उठवायला गेले तेव्हा अण्णा गेले होते.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. कुणाला लागला तर जरूर सांगा, पण फिल्टर चोकअप होता असलं काही सांगू नका, ते मी स्वतःच सांगून बघितलंय. माझा भुताखेतांवर अजूनही विश्वास नाही. फक्त आता स्कूटीवरून कुठे थांबले की हात आपोआप चाकाकडे जातो. लोक बघतात, बघू देत.

अण्णा गेले त्या दिवशी आई हंबरडा फोडत होती, संजू डॉक्टरांना फोन लावत होता. मी अण्णांच्या कपाळाला हात लावला, उलटा, त्यांनी शिकवला तसा. कपाळ गार होतं. गार लागलं की निघायला हरकत नसते.