बारावी ओळ

"माणूस केवढापन असू दे, बारा ओळी!" माझ्या टायपिंगच्या दुकानात पाऊल टाकतानाच पोस्टमनकाका बजावायचे आणि वहीचं पान पुढे सरकवायचे. शहापूरच्या बाजारात तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. रिटायर होऊनही खांद्याला तीच पिशवी.

शहापूर-मुरबाडकडच्या, गेल्या शतकातल्या मोठ्या माणसांची चरित्रं ते लिहीत होते. मोठी म्हणजे कोण? नाटकाचे मास्तर, पहिला एसटी ड्रायव्हर, हाड बसवणारा, सुईण. पुस्तक गावचं वाचनालय काढणार होतं.

लिहून झालं की काका त्या माणसाच्या दारात जाऊन मोठ्यानं वाचायचे. घरच्यांनी "बरोबर हाय" म्हटलं, तरच टायपिंग. मी चिडवायचो, "काका, अजून पत्रंच वाटताय!"

"मंग? ज्याचं त्याला वाचून दाखवाया नको?"

सुईणीपाशी घोडं अडलं. गावाबाहेरच्या वाडीतली ही बाई. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. तिला साप चावला तेव्हा वाडीतली माणसं दवाखान्यासाठी जीप मागायला भातगिरणीवाल्या शेठकडे धावली. ती वाचली नाही. काकांची बारावी ओळ होती : 'जीप दारात उभी होती, दिली नाही.' त्याच शेठचा मुलगा आता वाचनालयाचा अध्यक्ष. आणि बघा, त्यालाही ह्याच बाईनं जगात आणलेलं.

छपाईच्या आदल्या दिवशी अध्यक्ष दुकानात आले. काका बाकावरच होते.

"ती ओळ काढा. माझ्या वडिलांची बदनामी आहे."

"वाडीत वाचली. तिची लेक रडली, मंग बरोबर म्हनली."

"त्या काहीही म्हणतील!"

"तुज्या आईलापन वाचून दाखवली," काका शांतपणे म्हणाले. "तीपन बरोबरच म्हनली. आता कानामात्रा बदलायचा नाय."

अध्यक्षांचा चेहरा पडला. पण काका गेल्यावर ते माझ्या टेबलावर वाकले. "वाचनालयाचं सगळं काम तुझ्याकडे येतं ना? मग बघ." मी ओळ पुसली. घाबरलो, दुसरं काय!

पुस्तकं आली. काकांनी थेट सुईणीचं पान उघडलं. अकरा ओळी, खाली पांढरी जागा.

"कोनी केलं?"

"मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि प्रत्येक प्रतीत ती ओळ हातानं लिहायला बसले. दोनशे प्रती, तीन दिवस. मी ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. अध्यक्ष एकदा दारापर्यंत आले, बघून परत गेले.

शेवटची प्रत काकांनी माझ्याकडे सरकवली. "ही तुजी. हिच्यात तू लिव."

मी "हो" म्हणालो आणि कपाटात टाकली.

पुढं काका वारले. महिन्यानं काकूंनी निरोप धाडला, त्यांच्या बारा ओळी तू लिही. मी आधी कपाट उघडलं, जीपची ओळ लिहिली. मग काकांच्या ओळी लिहायला बसलो.

काल किन्हवलीला, काकांच्या गावी, त्यांच्या दारात उभा राहून वाचलं. अकरा ओळी बऱ्या गेल्या. मग बारावी वाचली : 'त्यांची एक खरी ओळ मी भीतीपोटी पुसली.'

काकूंनी पदरानं डोळे टिपले.

"बरोबर हाय," म्हणाल्या.