वेशीत अडलेले बैल

आणीबाणी उठली त्या वर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, आमच्या गावच्या वेशीत पाटलांचे बैल अडवले गेले. परवा मुरगूडच्या बाजारात शिंगं रंगवायच्या लाल हुरमुंजाचा वास आला आणि ती संध्याकाळ आठवली.

वेशीवर बांधलेली पानांची दोरी, म्हणजे कर, तोडण्याचा मान पाटलांच्या जोडीचा. बाकीचे बैल मागे. त्या वर्षी दोरीखाली घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. गावाच्या नळाची पाइप पाटलांच्या शेतातून यायची होती आणि पाटील ती येऊ देत नव्हते.

"बाजूला हो, अक्का. पाटीलकीचा मान हाय ह्यो," पाटील म्हणाले.

"पाटीलकी सरकारनं कवाच काढली," पंचायतीच्या सदस्य अक्काताई कांबळे म्हणाल्या. "तुमी पायपाला वाट दीना, मग आमी बैलास्नी का द्यायची?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पाटील, बैल तहानल्यात की! न्या नदीवर!"

तेव्हा माझं लक्ष रंगवलेल्या शिंगांकडे होतं. आता आठवतात त्या रिकाम्या घागरी. बायका हलल्या नाहीत. पाटलांचे बैल मागच्या पांदीच्या वाटेने गोठ्यात गेले. दोरी तशीच राहिली.

काही दिवसांनी पाटलांच्या शेतात पाइपसाठी चर खणून झाला, त्या संध्याकाळी त्यांच्याच जोडीने कर तोडली.