मामा नेटवर्किंगच्या परीक्षेला बसले

माझ्याकडे नेटवर्किंगचं प्रमाणपत्र आहे. आमच्या लोहारा गावातल्या घरी टीव्हीच्या वर चौकटीत लटकतंय. ते कसं मिळवलं हे आता सांगून टाकते, कारण लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. सोलापूरच्या क्लासमध्ये सरांनी जुन्या प्रश्नांचा गठ्ठा दिला आणि तो मी दोन महिने घोकला. शेवटी शेवटी तर प्रश्न वाचायचीही गरज पडेना. पहिले चार शब्द दिसले की बोट आपोआप 'क' वर जायचं. पास झाले आणि आईनं गल्लीभर पेढे वाटले. नेटवर्किंग म्हणजे काय हे ती प्रत्येक घरी वेगळं सांगत होती आणि मी मान डोलवत होते, कारण मलाही नक्की माहीत नव्हतं.

त्या कागदावर मला गावातल्याच एका कॉलेजात संगणक लॅबच्या तंत्रज्ञाची नोकरी लागली. लॅबच्या शिपायांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. दहावी पास, पंधरा वर्षं रोजंदारीवर. कॉलेजातली प्रत्येक वायर त्यांनीच ओढलेली.

पहिल्याच खंडेनवमीला मी लॅबची पूजा मनापासून केली. ट्रॅक्टरला हार घालतात, शिलाई मशीनला कुंकू लावतात, मग सगळ्या संगणकांच्या वायरी जिथं एकत्र येतात त्या स्विचनं काय पाप केलंय? नेटची वायर काढून तो पुसला, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, वायर पुन्हा दाबून बसवली आणि नमस्कार करून दसऱ्याच्या सुट्टीवर गेले.

सुट्टी संपली आणि नेट बंद. दारात परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या मुलांची रांग. मी घोकलेलं सगळं आठवलं. पुस्तकातले नेटवर्कचे सातही थर क्रमानं आठवले, पण कुठल्या थरात हात घालायचा ते कळेना. परीक्षेत निदान चार पर्याय तरी असतात. दोन तास मी संगणक बंद करत होते, चालू करत होते आणि चेहरा गंभीर ठेवत होते.

मामा चहा घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, पूजा कुणी केली?"

"मी."

त्यांनी वायर उपसली, स्विच उलटा करून तळहातावर आपटला. तीन तांदूळ आणि झेंडूची एक पाकळी खाली पडली. वायर परत बसवली तसा हिरवा दिवा लागला.

"देवाला लई वाहा, मॅडम," मामा म्हणाले, "पर भोकात कशापायी?"

रांगेतली मुलं पोट धरून हसली. मी पण हसले, पण कान तापले होते.

त्याच वर्षी लॅब सहायकाची कायम जागा निघाली. प्राचार्यांना मामाच हवे होते, पण संस्थेची अट होती प्रमाणपत्राची. मामा मला म्हणाले, "पोरगी इचारती, बाबा तुमी कॉलेजात काय हाव? म्या काय सांगू? रोज जातो, एवढंच?" मला फार वाईट वाटलं. म्हटलं, मामा, मी शिकवते, तुम्ही परीक्षेला बसा.

शिकवणं म्हणजे घोकवणंच. मामा काही केल्या घोकेनात. प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न: "हे कुठल्या खोलीत झालंय? उंदीर हायत का तिथं?" मी म्हणायचे, मामा, प्रश्नात उंदीर नाहीत. ते म्हणायचे, "मग प्रश्न अर्धाच हाय."

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले आणि बाहेर बाकड्यावर बसले. अर्ध्या तासानं आतून गलका झाला, तशी मी खिडकीतून डोकावले. केंद्राचंच नेट गेलं होतं. पर्यवेक्षक फोन लावत फिरत होते, परीक्षार्थी नेटवर्किंगची परीक्षा देता देता छताकडे बघत होते. मामा उठले, टेबलाखाली शिरले आणि सैल झालेली वायर शोधून काढली. सगळ्यांच्या पडद्यावर प्रश्न परत आले, घड्याळही पुन्हा चालू झालं. सगळे भराभर 'क' दाबू लागले. मामा मात्र टेबलाखालीच. तिथल्या वायरींचा गुंता त्यांना बघवेना. तो सोडवून, एकेक वायर नीट बांधूनच ते वर आले, तेव्हा वेळ जवळजवळ संपत आला होता.

सगळे पास झाले. मामा नापास.

परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "वायरी लई घाण होत्या, मॅडम." मला रडू आलं आणि हसूही.

मी प्राचार्यांशी भांडले. ते संस्थेशी भांडले. शेवटी संस्था म्हणाली, अनुभवाचा दाखला चालेल, पण देणारा प्रमाणपत्रधारक हवा. अख्ख्या कॉलेजात तशी एकच व्यक्ती होती. मी लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. गोड गोड लिहिलेलं सगळं खोटं वाटत होतं. चौथ्यावर लिहिलं: "दसऱ्यानंतर लॅबचं नेट बंद पडलं. ते मीच बंद पाडलं होतं. मला दोन तासांत कारण सापडलं नाही. यांना दोन मिनिटांत सापडलं." खाली सही, हुद्दा, प्रमाणपत्राचा क्रमांक.

महिन्याभरानं संस्थेची दोन पत्रं आली. पहिलं मामांच्या कायम नेमणुकीचं. ते त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात तसाच राहू दिला. दुसरं माझ्यासाठी होतं: सदर तंत्रज्ञांनी नवनियुक्त सहायकांकडून एक महिना प्रशिक्षण घ्यावे.

मी ते मामांपुढे धरलं. त्यांनी सावकाश, दोनदा वाचलं.

"उद्या नऊला या, मॅडम," ते म्हणाले. "वही आणू नका."