नाताळचं ताट परत आलं

बहिणींनो, हे फिरतं पत्र तुमच्याकडे पोचेल तेव्हा पोचेल. आजचं आजच लिहिते.

पुलगावात आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. पोरींना मी घरीच शिकवते. आज बायबलचं वचन पाठ करून घेताना शेजारच्या सखूबाई दारात आल्या. सवयीनं मी हातानंच "थांबा" म्हटलं.

पाठ संपवून बाहेर आले तर त्या नव्हत्या; ओट्यावर नाताळात मी त्यांच्याकडे करंज्या घालून पाठवलेलं ताट, बोरांनी भरलेलं.

"गेली न बाई टेसनावर. नवऱ्याची बदली झाली," समोरची म्हातारी म्हणाली. "कईची ताट घेऊन चकरा मारून राह्यली होती. तुमचं शिकवणं पाहून वापस जाये."

रोज प्रार्थनेत मी कुणाची तरी सोबत मागत होते.

रिकामं ताट परत करायचं नाही, ही इथली रीत. आता मी हे भरून कुणाकडे पाठवू?